एक अख्खा शुक्रवार खाऊन टाकणारे पंतप्रधान : सामोआचे तुइलाएपा

दर्यावर्दी (मूळ धागा)

टाइम झोनच्या धाग्यावर मी सामोआचं नाव काढलं, तेव्हा दोघातिघांनी "अर्धवट सांगू नका, वेगळा धागा काढा" म्हणून टोचलं होतं. तर घ्या. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

प्रशांत महासागरात न्यूझीलंडच्या ईशान्येला सामोआ हा देश आहे. उपोलू आणि सावाई ही दोन मोठी बेटं, राजधानी आपिया, लोकसंख्या साधारण दोन लाख. १९०० पासून जर्मनांची वसाहत, १९१४ मध्ये न्यूझीलंडने ताबा घेतला आणि १ जानेवारी १९६२ ला स्वातंत्र्य मिळालं. शेजारचा अमेरिकन सामोआ वेगळा, तो आजही अमेरिकेकडेच आहे.

या देशाचं पंतप्रधानपद एका माणसाने २२ वर्षं सांभाळलं, १९९८ ते २०२१. तुइलाएपा आइओनो साइलेले मालिएलेंगाओई. सगळे नुसतं तुइलाएपा म्हणतात, आपणही तेच म्हणू. 'तुइलाएपा' आणि 'आइओनो' या मताईच्या पदव्या आहेत. मताई म्हणजे कुळाचा प्रमुख. जमिनीपासून गावकीपर्यंत सगळं त्याच्या शब्दावर चालतं. तिथे निवडणुकीला उभं राहायचं तर आधी मताई असावं लागतं. मतदानाचा हक्कसुद्धा १९९० पर्यंत जवळजवळ मताईंपुरताच होता. कौल घेऊन तो २१ वर्षांवरच्या सगळ्यांना दिला गेला.

जन्म १९४५, उपोलूच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या लेपा गावी. ऑकलंड विद्यापीठातून वाणिज्य विषयात मास्टर्स करणारे ते पहिले सामोअन. मग सरकारी तिजोरी खात्यात नोकरी, काही काळ ब्रुसेल्समध्ये, आणि १९८१ मध्ये पोटनिवडणूक जिंकून लेपाचे खासदार. पक्ष ह्यूमन राइट्स प्रोटेक्शन पार्टी, म्हणजे एचआरपीपी. हा पक्ष १९७९ मध्ये निघाला आणि १९८२ मध्ये सत्तेवर आला. मधली दोनतीन वर्षं सोडली तर २०२१ पर्यंत हललाच नाही.

तुइलाएपांचे गुरू तोफिलाऊ एती अलेसाना. तुइलाएपा त्यांचे अर्थमंत्री, पुढे उपपंतप्रधान. १९९० आणि १९९१ अशी लागोपाठ दोन वर्षं 'ओफा' आणि 'वाल' या चक्रीवादळांनी देश झोडपला, १९९३ मध्ये अळकुडीवर करपा पडून निर्यातीचं मुख्य पीकच बसलं आणि वर सरकारी विमान कंपनी तोट्यात. अशात १९९४ च्या सुरुवातीला तुइलाएपांनी वस्तू व सेवा कर आणला. लोक रस्त्यावर उतरले, आपियात प्रचंड मोर्चे निघाले. कर गेला नाही. त्याच वर्षी मुख्य लेखापरीक्षकांनी मंत्र्यांवर ताशेरे ओढले, तर लेखापरीक्षकच निलंबित झाले आणि पुढे घटना दुरुस्त करून त्या पदाचा कार्यकाळ तीन वर्षांवर आणला. हे आत्ताच लक्षात ठेवा. अडचण आली की नियम बदलायचा, ही सवय तिथली आहे.

नोव्हेंबर १९९८ मध्ये तोफिलाऊंनी आजारपणामुळे पद सोडलं आणि तुइलाएपा पंतप्रधान झाले. आठ महिनेही झाले नाहीत तोच, जुलै १९९९ मध्ये पक्षाच्या विसाव्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात सार्वजनिक बांधकाम मंत्री लुआंगालाऊ लेवाउला कामू यांना गोळी घालून ठार मारलं. कट कोणाचा? त्याच मंत्रिमंडळातल्या दोन मंत्र्यांचा, आणि गोळी झाडणारा त्यांच्यापैकी एकाचा मुलगा. कामूंनी खात्यातला भ्रष्टाचार खणायला घेतला होता. तिघांनाही फाशीची शिक्षा झाली, पुढे ती जन्मठेपेवर आली. तुइलाएपांची कारकीर्द अशी सुरू झाली.

आता ज्यासाठी थांबलात ते. ७ सप्टेंबर २००९ ला सकाळी सहा वाजता देशातल्या सगळ्या गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने डावीकडे आल्या. जर्मनांच्या काळापासून उजवीकडून चालणारी वाहतूक एका सकाळीत फिरवली. कारण सरळ होतं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या नातेवाइकांना सामोआत जुन्या गाड्या स्वस्तात पाठवता याव्यात. अमेरिकेहून येणाऱ्या डाव्या स्टिअरिंगच्या गाड्या महाग पडत. विरोधात खास संघटना निघाली, मोर्चे झाले, प्रकरण कोर्टात गेलं. बसवाल्यांचं म्हणणं तर अगदी खरं होतं : आमच्या बसची दारं उजवीकडे आहेत, आता प्रवासी काय भर रस्त्यात उतरवू? सरकारने दोन दिवस सुट्टी दिली, वेगमर्यादा खाली आणली, तीन दिवस दारूविक्री बंद ठेवली. भाकितं झाली होती तसं रस्त्यांवर प्रेतांचे ढीग वगैरे काही पडले नाहीत.

आणि तीनच आठवड्यांनी, २९ सप्टेंबरला, त्सुनामी आली. सामोआत १४० हून जास्त माणसं गेली. सगळ्यात जास्त फटका आग्नेय किनाऱ्याला, म्हणजे लेपालाच. पंतप्रधानांचं स्वतःचं गाव वाहून गेलं.

दोन वर्षांनी त्यांनी वार बदलला. गुरुवार, २९ डिसेंबर २०११ ची रात्र संपली आणि उजाडला शनिवार, ३१ डिसेंबर. आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या पूर्वेकडून देश पश्चिमेकडे आला. हिशेब पुन्हा व्यापाराचा. ऑकलंड-सिडनीत सोमवार असताना आपियात रविवार, आपियात शुक्रवार असताना तिकडे शनिवार. आठवड्यातले दोन कामाचे दिवस फुकट. गंमत म्हणजे १८९२ मध्ये अमेरिकन व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी याच देशाने उलटी उडी मारली होती आणि ४ जुलै दोनदा साजरा केला होता.

माझं म्हणणं एवढंच आहे : हा माणूस आधी करून टाकायचा आणि वाद नंतर घालायचा. वीस वर्षं ते खपलं, कारण समोर तगडा विरोधी पक्षच नव्हता. मग २०२१ मध्ये गाठ पडली राज्यघटनेतल्या ४५ दिवसांशी. तो भाग दमाने लिहितो.

---

खारीचा_वाटा

पहिला नंबर! वाचतेय. शुक्रवारचा पगार मिळाला का हो त्या लोकांना?

---

दर्यावर्दी

मिळाला. न झालेल्या शुक्रवारचा पगार द्यायचा, असं सरकारने मालकांना बजावलंच होतं.

---

कुडाळचो_मेस्त

मेल्यानु, आमच्या हंय कोणी असा केल्यान तर त्या दिवशी संकष्टी हुती म्हणान कोर्टात जातीत.

---

दर्यावर्दी

मेस्तानू, तिकडेही तेच झालं, फक्त उपवासाऐवजी शब्बाथवरून. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे लोक शनिवार पाळतात. आता पंचाईत अशी, की वार बदलल्यावर नवा शनिवार पाळायचा की सातव्या दिवसाची मोजणी न तोडता जो दिवस येतो तो? तो तर आता रविवार म्हणवतो. तिथल्या अधिकृत चर्चने रविवार धरला, काहींना ते पटलं नाही, आणि फाटाफूट झाली.

---

नॉर्थशोअरची_नलू

ऑकलंडहून लिहितेय. छान धागा. एक गोष्ट इथे राहिल्याशिवाय कळत नाही, ती सांगते. सामोआत जेवढी माणसं आहेत त्याच्या जवळपास तेवढी सामोअन माणसं न्यूझीलंडमध्ये आहेत. माझ्या ऑफिसात तिघी आहेत. दर पगाराला घरी पैसे पाठवायचे, चर्चचं द्यायचं, गावात कोणाचं लग्न-मयत असेल तर आणखी पाठवायचे. त्यामुळे डावीकडून गाडी काय आणि वार काय, दोन्ही निर्णय बाहेरून चक्रम वाटतात पण या कुटुंबांसाठी सोयीचेच होते. त्यातली एक तर तुइलाएपांवर भडकलेली असते, पण जुनी टोयोटा भावाला पाठवली तेव्हा म्हणाली, म्हाताऱ्याने एवढं मात्र बरं केलं.

आणि धनुर्विद्या राहिली की! २००७ मध्ये साउथ पॅसिफिक गेम्स आपियात झाले, तेव्हा हे गृहस्थ पंतप्रधान असताना, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, देशाच्या तिरंदाजी संघातून खेळले आणि सांघिक रौप्यपदक घेऊन आले. सराव म्हणाल तर काही महिन्यांचा.

---

उंटावरचा_शहाणा

दर्यावर्दी, लेख रंजक आहे पण कौतुकाकडे झुकतोय. गोवराबद्दल एक ओळ नाही? २०१९ मध्ये दोन लाखांच्या देशात ८३ माणसं गोवराने मेली, त्यातली बहुतेक पाच वर्षांच्या आतली पोरं. ५,७०० च्या वर रुग्ण. हे 'आधी करा, नंतर भांडा'मध्ये कुठे बसतं?

---

दर्यावर्दी

रास्त प्रश्न. ते 'करा'मध्ये बसतच नाही, 'न करा'मध्ये बसतं. जुलै २०१८ मध्ये सावाईवर दोन तान्ही बाळं लस दिल्यावर लगेच दगावली. परिचारिकांनी लशीची पूड पाण्याऐवजी स्नायू शिथिल करणाऱ्या औषधात कालवली होती. लस निर्दोष होती. दोघींना पाच वर्षांची शिक्षा झाली. पण सरकारने कित्येक महिने लसीकरणच थांबवून ठेवलं, लोकांची भीती घालवायला फारसं काही केलं नाही, आणि लसविरोधकांना रान मोकळं मिळालं. बाळांमधलं गोवर लसीकरण ३१ टक्क्यांवर घसरलं. तेवढ्यात ऑकलंडमध्ये गोवराची साथ आली. नलूताईंनी वर सांगितलंच आहे, दोन्हीकडे रोजची जा-ये.

नोव्हेंबर २०१९ मध्ये आणीबाणी लावली. ५ आणि ६ डिसेंबरला अख्खा देश बंद ठेवला. ज्या घरात लस न घेतलेलं माणूस असेल त्यांनी दारावर लाल फडकं बांधायचं, आणि पथकं दारोदार जाऊन टोचणार. लसीकरण नव्वद टक्क्यांच्या वर गेलं आणि साथ आटोक्यात आली. म्हणजे यंत्रणा हलवता येत होती. मग ती वर्षभर आधी का हलली नाही, याचं उत्तर तुइलाएपांनी कधी दिलं नाही. चौकशी आयोगाची मागणीही धुडकावली.

---

खारीचा_वाटा

लाल फडकं वाचून पोटात कालवलं.

---

उंटावरचा_शहाणा

आभार. आणि टीका करणाऱ्यांचं काय केलं तेही लिहा. बदनामीचा फौजदारी कायदा त्यांच्याच सरकारने २०१३ मध्ये रद्द केला आणि २०१७ मध्ये निनावी ब्लॉगवाल्यांना धडा शिकवायला परत आणला. त्याखाली परदेशातून आलेल्या एका टीकाकाराला तुरुंगातही जावं लागलं. फेसबुक बंद करू अशा धमक्या वेगळ्या.

---

दर्यावर्दी

बरोबर. यात भर घालतो. २००९ मध्ये नवा पक्ष काढू पाहणाऱ्या नऊ खासदारांच्या जागा सभापतींनी रिकाम्या ठरवल्या होत्या, त्या कोर्टाने परत दिल्या. मग सरकारने कायदाच आणखी घट्ट केला. आपल्याकडच्या पक्षांतरबंदीवर इथे पानंच्या पानं भांडणाऱ्यांनी तो जरूर वाचावा. २०१६ च्या निवडणुकीनंतर अपक्षही येऊन मिळाले आणि ५० पैकी ४७ जण सत्ताधारी बाकांवर बसले. विरोधी पक्ष म्हणून मान्यता मिळण्याइतकीही माणसं समोर उरली नाहीत.

आता २०२१.

सुरुवात २०२० च्या तीन विधेयकांपासून. सामोआतली सुमारे ८० टक्के जमीन कुळांची सामायिक आहे, ती विकता येत नाही. जमीन आणि मताईपद यांचे तंटे 'लँड अँड टायटल्स कोर्ट' सोडवतं. तुइलाएपांनी हे कोर्ट सुप्रीम कोर्टाच्या कक्षेतून पूर्ण बाहेर काढलं. रूढीने दिलेल्या निकालावर पाश्चात्त्य कायद्याने शेरे मारू नयेत, हा त्यांचा युक्तिवाद. तो अगदी टाकाऊ नाही, वसाहतीतून सुटलेल्या कुठल्याही देशात हा प्रश्न येतोच. पण परिणाम असा, की गावाने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकलं आणि या कोर्टाने ते मान्य केलं, तर मूलभूत हक्क मागायला दुसरं दार उरत नाही.

यावरून घरच फुटलं. एचआरपीपीचेच लाआउली श्मिट आधीच बाहेर पडून त्यांनी 'फास्ट' हा पक्ष काढला होता. सप्टेंबर २०२० मध्ये उपपंतप्रधान फिआमे नाओमी माताआफा यांनी राजीनामा दिला. या बाई साध्यासुध्या नव्हेत. देशाच्या पहिल्या पंतप्रधानांची मुलगी, १९८५ पासून खासदार, देशातल्या पहिल्या महिला मंत्री, आणि तीस वर्षं तुइलाएपांच्याच सोबतीने सरकारात. पुढे त्या फास्टच्या नेत्या झाल्या.

९ एप्रिल २०२१ ला मतदान झालं. एचआरपीपी २५, फास्ट २५, अपक्ष १. हा एक अपक्ष, तुआला इओसेफो पोनिफासिओ, कुठे जातो याकडे अख्खा देश डोळे लावून बसला. तो फास्टकडे जायच्या आदल्या संध्याकाळी निवडणूक आयोगाने एचआरपीपीच्या एका महिलेला जास्तीची जागा जाहीर केली. २६-२६!

हे आलं कुठून? तुइलाएपांनी स्वतःच २०१३ मध्ये घटनेत दुरुस्ती केली होती की संसदेत किमान १० टक्के महिला हव्यात, निवडून आल्या नाहीत तर जागा वाढवायच्या. तेव्हा ४९ जागा होत्या, म्हणजे पाच महिला, आणि घटनेत 'सध्या पाच' असं लिहिलंही होतं. आता जागा ५१. पाच महिला निवडून आल्या होत्या. पाच भागिले एक्कावन्न म्हणजे ९.८ टक्के. दहा नाही!

---

कुडाळचो_मेस्त

०.२ टक्क्यासाठी सरकार!

---

गणित_नापास

माझ्यासारख्याला प्रश्न : ५१ चे दहा टक्के ५.१, म्हणजे सहा बायका लागणारच ना? मग आयोगाचं चुकलं काय?

---

दर्यावर्दी

तुम्ही नापास नाही आहात. अपील कोर्टाने (तिथे ते सुप्रीम कोर्टाच्याही वर असतं) २ जूनला नेमकं हेच म्हटलं : सहाच हव्यात. पण ती सहावी जागा निवडणूक याचिका आणि पोटनिवडणुका आटोपल्यावर भरायची, आत्ता नाही. म्हणजे गणित तुइलाएपांच्या बाजूचं, वेळ मात्र नाही.

तोवर बरंच घडून गेलं होतं. ४ मे ला राष्ट्रप्रमुखांनी निवडणूकच रद्द धरून २१ मे ला नवी जाहीर केली. १७ मे ला सुप्रीम कोर्टाने ती जास्तीची जागा आणि नवी निवडणूक दोन्ही रद्द केली. फास्ट २६, एचआरपीपी २५. घटनेप्रमाणे मतदानानंतर ४५ दिवसांत संसद भरलीच पाहिजे, म्हणजे २४ मे पर्यंत. राष्ट्रप्रमुखांनी २४ ची तारीख दिली, आणि २२ च्या रात्री ती मागे घेतली. कोर्ट रविवारी बसलं (सामोआत रविवारी पानही हलत नाही, तिथे कोर्ट बसलं) आणि तो आदेश रद्द केला. लगेच सभापतींनी सांगितलं, मी दार उघडणार नाही.

२४ मे ची सकाळ. सरन्यायाधीश सातिउ सिमातिवा पेरेसे आणि इतर न्यायमूर्ती झगे घालून पायी संसदेच्या दारापर्यंत गेले. दाराला कुलूप. ते आले तसे परत गेले. फिआमे आणि त्यांचे खासदार आवारात थांबून राहिले, लोक गाणी म्हणत होते. संध्याकाळी समोरच्या हिरवळीवर पांढरा मांडव घालून त्यांनी शपथ घेतली. तुइलाएपांनी त्याला देशद्रोह म्हटलं. आपल्याला देवाने नेमलंय, असंही ते त्या दिवसांत म्हणाले होते.

---

उंटावरचा_शहाणा

आपल्याकडच्या पहाटेच्या शपथविधीची आठवण कोणी काढली नाही हे पाहून बरं वाटलं.

---

खारीचा_वाटा

काढलीत ना आत्ता. झालं, धाग्याचा काश्मीर व्हायला वेळ लागणार नाही. दर्यावर्दी, पुढचं लिहा लवकर.

---

दर्यावर्दी

दोन महिने देशात दोन पंतप्रधान होते. ऑफिस, गाड्या, सचिव सगळे तुइलाएपांकडे. २८ जूनला सुप्रीम कोर्ट म्हणालं की मांडवातली शपथ वैध नाही, पण सात दिवसांत संसद भरवा. ती भरलीच नाही. राष्ट्रप्रमुखांनी २ ऑगस्टची तारीख काढली. शेवटी २३ जुलैला अपील कोर्टाने निकाल दिला : मांडवातली शपथ वैध, २४ मे पासून सरकार फास्टचंच. ज्यांनी दाराला कुलूप लावलं, त्यांनीच कुलपाचं कारण पुढे करून शपथ चुकीची म्हणायची, हे कोर्टाला मान्य झालं नाही. तीनेक दिवसांत तुइलाएपांनी हार मानली. कुठे गोळी नाही, दगड नाही, सैन्य तर त्या देशात नाहीच. मला यात त्यांचंही थोडं श्रेय वाटतं, शहाणेसाहेब रागावतील.

---

उंटावरचा_शहाणा

रागावतो. साडेतीन महिने देश ओलीस धरून मग सोडला, यात श्रेय कसलं? पोलिसांनी कोणाची बाजू घेतली नाही आणि लोकांनी संयम ठेवला. श्रेय त्यांचं.

---

नॉर्थशोअरची_नलू

इथे ऑफिसात त्या दिवसांत जेवणाच्या सुट्टीत हाच विषय. तिघींपैकी दोघी एकमेकींशी आठवडाभर बोलत नव्हत्या. तुइलाएपांचे समर्थक कमी नव्हते, हेही सांगायला हवं. एचआरपीपीला एकूण मतं फास्टपेक्षा बरीच जास्त होती. एकेका जागेवर त्यांचेच दोन-दोन, तीन-तीन उमेदवार उभे राहिले आणि मतं फुटली.

---

दर्यावर्दी

नलूताई, हा मुद्दा माझ्याकडून सुटला होता, धन्यवाद. विरोधक नसल्याचा हाही एक तोटा. पक्षाचेच दोघे-तिघे आपसात लढले काय आणि कोणीही जिंकला काय, जागा घरातच राहायची. समोर खरा पक्ष उभा राहिला तरी ती सवय गेली नाही.

पुढचं थोडक्यात. २०२२ मध्ये न्यायव्यवस्थेची बदनामी केल्याचा ठपका ठेवून नव्या संसदेने तुइलाएपांना निलंबित केलं. ज्या सुप्रीम कोर्टावर ते वर्षभर तोंडसुख घेत होते, तिथेच त्यांना दाद मागायला जावं लागलं.

---

गणित_नापास

आणि आता काय? फिआमेबाई आहेत का अजून?

---

दर्यावर्दी

नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये लाआउलींवर गुन्हा दाखल झाला, ते राजीनामा देईनात म्हणून फिआमेंनी त्यांना मंत्रिमंडळातून काढलं, आणि फास्ट उभा चिरला. मे मध्ये फिआमेंचा अर्थसंकल्पच पडला, संसद विसर्जित झाली. २९ ऑगस्टच्या निवडणुकीत लाआउलींच्या फास्टला ३० जागा, एचआरपीपीला १४, आणि फिआमेंच्या नव्या पक्षाला ३. लाआउली पंतप्रधान झाले. त्या प्रचारातही एचआरपीपीचा चेहरा ऐंशी वर्षांचे तुइलाएपाच होते.

---

कुडाळचो_मेस्त

म्हणजे दोगांच्या भांडणात तिसऱ्याचो लाभ तोही झालो नाय म्हाताऱ्याक. १४ म्हणजे पूर्वीच्या निम्मेच.

---

खारीचा_वाटा

दर्यावर्दी, आता तोफिलाऊंवर पण लिहा. तो लेखापरीक्षकांचा किस्सा अर्ध्यावर सोडलात.

---

दर्यावर्दी

लिहितो, पण गणपती झाल्यावर.